बर्लिनमध्ये राहायचं कुठे? नोव्हेंबरमधले नऊ दिवस

मंगळवार, ५ नोव्हेंबर २०२४

विमानतळावरून एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, एस ९ गाडीत बसलो तेव्हा जेमतेम चार वाजले होते आणि बाहेर तिन्हीसांजा होत आल्या होत्या. हिवाळ्यात इथे लवकर अंधारतं हे ऐकून होते, पण डोळ्यांनी पाहिलं तेव्हा पोटात कालवलं. सहा वर्षांच्या लेकीला अशा अंधारात शाळेतून घरी आणायचं आहे, हाच पहिला विचार आला. पुढचे नऊ दिवस तो पाठ सोडणार नव्हता.

नवरा ऑगस्टपासून इथे आहे. त्याची नोकरी आडलर्सहोफला, शहराच्या आग्नेय कडेला. हुम्बोल्ट विद्यापीठाचे विज्ञानाचे विभाग तिथे आहेत आणि त्यांच्याभोवती संशोधन संस्था नि कंपन्यांचं एक गावच वसलं आहे. राहतो मात्र तो वेडिंगमध्ये, मध्यभागाच्या पार वायव्येला, सामानासकट भाड्याने घेतलेल्या एका खोलीत. त्या खोलीचा करार जानेवारीअखेर संपतो. फेब्रुवारीत मी आणि लेक कायमच्या येणार. त्याआधी घर मिळायला हवं, आणि घराच्याही आधी भाग ठरायला हवा. तेवढ्यासाठी लेकीला आजीकडे ठेवून मी नऊ दिवस आले होते.

बर्लिनचे प्रशासकीय विभाग १२ आहेत, पण राहणारा माणूस विभागाचं नाव सांगत नाही. तो आपल्या ‘कीत्स’चं नाव सांगतो. पायी फिरून होईल एवढी आपली वस्ती, तिच्यातली बेकरी, शाळा, बसथांबा, तोंडओळखीची माणसं, एवढं सगळं त्या एका शब्दात येतं. मला तो शब्द आवडला.

गाडीत नवरा खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाला, "हे आडलर्सहोफ. माझं ऑफिस इथे." पुढची तीन-चार स्टेशनं त्याने सांगितली नाहीत, मीही विचारली नाहीत. फ्रीडरिशश्ट्रासेला उतरून ऊ-बान, म्हणजे मेट्रो, घेतली आणि वेडिंगला पोचलो. दारापासून दारापर्यंत तासभर तरी लागतो. रोज जाऊन-येऊन त्याचे दोन तास.

बुधवार, ६ नोव्हेंबर

पहाटे चारलाच जाग आली. साडेसातला खाली उतरले तर मुलं शाळेला निघाली होती. पाठीवर पेटीसारखं कडक, चौकोनी दप्तर, त्याला उजेडात चमकणाऱ्या पट्ट्या. कुणी एकटं, कुणी दोघं-दोघं. एक सात-आठ वर्षांची मुलगी सिग्नलपाशी थांबली. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. ती लाल माणूस हिरवा होईपर्यंत उभी राहिली, मग गेली. मी तिच्या मागोमाग शाळेच्या फाटकापर्यंत चालत गेले, अंतर राखून.

दुपारी नवऱ्याच्या सहकाऱ्याची बायको भेटली. ती इथे सात वर्षं आहे, तिची दोन मुलं शाळेत आहेत. तिने जे सांगितलं त्याने माझा सगळा आराखडा बदलला. बर्लिनमध्ये सरकारी प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते. प्रत्येक इमारत कुठल्या ना कुठल्या शाळेच्या हद्दीत येते आणि त्या शाळेवर तिथल्या मुलांचा पहिला हक्क. हद्दीबाहेरच्या शाळेसाठी अर्ज करता येतो, पण जागा उरली तरच. इथली प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते. जर्मनीत बहुतेक ठिकाणी ती चौथीला संपते. म्हणजे आम्ही जे घर घेऊ त्यावर लेकीची सहा वर्षं ठरणार होती. पहिली ते सहावी शाळेतलं जेवण मोफत, शहरातला प्रवासाचा पासही शाळकरी मुलांना मोफत. या दोन्ही गोष्टी २०१९ पासून आहेत. पैशांची काळजी त्यामुळे थोडी हलकी झाली, पत्त्याची वाढली.

घरी येऊन मी वहीतलं पहिलं पान फाडलं. त्यावर लोकांनी सुचवलेल्या भागांची नावं होती: प्रेन्त्स्लाउअर बेर्ग, नॉयक्योल्न, शार्लोटेनबुर्ग. नव्या पानावर दोनच प्रश्न लिहिले. घरापासून शाळेपर्यंत किती मोठे रस्ते ओलांडावे लागतात? आणि साडेचार वाजता, अंधारात, ती वाट कशी दिसते?

संध्याकाळी नवऱ्याने फाइल उघडून दाखवली. घर बघायला जाताना ती सोबत न्यावी लागते: तीन महिन्यांच्या पगारपत्रकांच्या प्रती, नोकरीचा करार, पासपोर्ट, आधीच्या घरमालकाचं ‘भाडं थकलेलं नाही’ असं पत्र, आणि शूफाचा दाखला. शूफा म्हणजे माणसाच्या उधारी-फेडीची नोंद ठेवणारी संस्था. तीन महिन्यांपूर्वी देशात आलेल्याची नोंद असणार ती काय? त्याचा दाखला जवळजवळ कोरा होता.

जाहिरातीतले शब्दही शिकून घेतले. काल्टमीटे म्हणजे ‘थंड भाडं’, निव्वळ जागेचं. त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई मिळवली की ‘गरम भाडं’, वार्ममीटे. वीज आणि इंटरनेट बहुधा त्याहून वेगळं. तीन खोल्यांचं घर म्हणजे हॉल धरून तीन. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजत नाहीत. अनामत रक्कम कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याएवढी, आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आनमेल्डुंग, पत्त्याची नोंदणी. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत ती करायची, आणि त्यासाठी घर देणाऱ्याची सही असलेला कागद लागतो. ही नोंदणी झाली की करक्रमांक येतो, बाकीची कामं पुढे सरकतात. काही स्वस्त खोल्यांच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं, आनमेल्डुंग मिळणार नाही. कुटुंब घेऊन येणाऱ्याने अशा जाहिरातीकडे वळूनही पाहू नये असं माझं ठाम मत झालं आहे.

रात्री शेजारच्या खोलीतून उशिरापर्यंत बातम्यांचा आवाज येत होता. त्याच संध्याकाळी जर्मनीचं आघाडी सरकार फुटलं होतं.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

प्रेन्त्स्लाउअर बेर्ग. लहान मुलं असलेल्या परदेशी कुटुंबांना सगळेच हा भाग सुचवतात. सुचवण्यासारखा आहेच. रुंद पदपथ, शंभर-सव्वाशे वर्षांच्या पाच मजली इमारती, चौकाचौकांत खेळायची जागा. पूर्वीच्या पूर्व बर्लिनमधला हा भाग शहर दुभागणारी भिंत पडल्यानंतर दुरुस्त होत गेला आणि भाडीही चढत गेली. कोल्वित्सप्लात्स या चौकाला चित्रकार केटे कोल्वित्सचं नाव आहे, ती इथेच राहायची. चौकात तिचा बसलेला पुतळा आहे आणि मुलं बिनदिक्कत त्याच्या मांडीवर चढतात. मी बराच वेळ ते पाहत राहिले.

श्योनहाउझर आलेवर पाऊस लागला. तिथे ऊ २ गाडी रस्त्याच्या मधोमध लोखंडी खांबांवरून धावते, आणि त्या पुलाला जुने बर्लिनकर ‘नगरपालिकेची छत्री’ म्हणतात. खरंच सगळे त्याखाली येऊन उभे राहिले. इथून एस ८ गाडी थेट आडलर्सहोफला जाते, अर्धा तास. मनाने मी इथे राहायला आलेच होते.

चारला घर बघायचं होतं. जिन्यात रांग तिसऱ्या मजल्यापासून दारापर्यंत. मी चाळीसपर्यंत मोजून थांबले. प्रत्येकाच्या हातात आमच्यासारखीच फाइल. तीन खोल्या, ७४ चौरस मीटर, थंड भाडं १,४९० युरो. छताला दिवे नव्हते, नुसत्या तारा लोंबत होत्या. जुना भाडेकरू आपले दिवे काढून नेतो, नव्याने आपले लावायचे, अशी इथली रीत आहे. मोबाइलच्या उजेडात चाळीस माणसं भिंती बघत होती.

घर हिंटरहाउसमध्ये होतं, म्हणजे रस्त्यावरच्या इमारतीमागे अंगण आणि अंगणामागे दुसरी इमारत, तिच्यात. १८६२ च्या होब्रेख्त आराखड्याने या शहराचे रस्ते आखले आणि मधले चौकोन इतके खोल ठेवले की मालकांनी मागे मागे बांधत नेलं. पुढच्या घरांत ऐपतदार, मागे कामगार. अंगण केवढं असावं? १८५३ च्या बांधकाम नियमात किमान ५.३४ मीटर लांब आणि तेवढंच रुंद, आगीचा बंब वळेल एवढं. हे मी आधी वाचलं होतं. आमच्या समोरचं अंगण त्याहून बरंच मोठं होतं, तरी खिडकीतून वर मान केल्याशिवाय आभाळ दिसेना. उन्हाळ्यात इथे गारवा असेल, शांतता तर होतीच. पण लेकीचा अभ्यासाचा टेबल कुठल्या खिडकीशी ठेवायचा, हे मला काही केल्या ठरवता येईना.

भाड्याला मर्यादा घालणारा नियम बर्लिनमध्ये २०१५ पासून आहे. नव्या कराराचं भाडं त्या भागातल्या सरासरी दरापेक्षा १० टक्क्यांहून जास्त नको. ऑक्टोबर २०१४ नंतर पहिल्यांदा वापरात आलेली घरं मात्र त्यातून वगळली आहेत, आणि सामानासकट दिलेल्या घरात सामानाचं म्हणून वेगळं भाडं लावतात, त्याला धरबंध नाही. जास्त वाटलं तर भाडेकरूने स्वतः मालकाला लेखी कळवायचं. नुकत्याच आलेल्या माणसाला पहिल्याच वर्षी मालकाशी वाद घालण्याचं बळ कुठून येणार?

आम्ही अर्ज दिला. जिना उतरताना दोघंही गप्प होतो.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

नॉयक्योल्न. या भागाबद्दल दोनच प्रकारची माणसं भेटली, जीव टाकणारी आणि नाक मुरडणारी. मी रिक्सडोर्फपासून सुरुवात केली. कार्ल मार्क्स श्ट्रासेच्या गजबजाटापासून दोन गल्ल्या आत गेलं की एकदम खेडं लागतं: बुटकी घरं, दगडी गल्ली, जुना लोहारवाडा. १७३७ मध्ये धर्मासाठी बोहेमिया सोडून आलेल्या कुटुंबांना प्रशियाच्या राजाने इथे जमीन दिली. पुढे रिक्सडोर्फ हे नाव बदनाम झालं म्हणून १९१२ मध्ये बदलून नॉयक्योल्न केलं. बाहेरून आलेल्यांनी वसवलेली वस्ती आजही बाहेरून आलेल्यांनीच भरलेली आहे. झोनेनआले या हमरस्त्यावर अरबी पाट्या, भाजलेल्या बियांचा वास, दुकानातून दुकानात चाललेल्या गप्पा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. त्या एका गोष्टीसाठी मी या भागाला मोठे गुण दिले.

पण मग वाट चालून पाहिली. तिथल्या एका शाळेच्या हद्दीतला एक पत्ता आम्ही काढला होता. त्या दारापासून शाळेपर्यंत १४ मिनिटं, चौपदरी झोनेनआले एकदा ओलांडायची, आणि दोन्ही बाजूंना उभ्या गाड्यांच्या मागून सायकली येतात. मोठ्या माणसाला काहीच नाही. सहा वर्षांच्या मुलीची उंची त्या गाड्यांच्या बॉनेटएवढी.

तिथून एम ४१ बस पकडली. परत फिरायचं सोडून, कंटाळ्यानेच म्हणा, शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहिले. झोनेनआलेचा जवळजवळ सगळा लांबलचक पट्टा पश्चिम बर्लिनमध्ये होता आणि शेवटचा छोटा तुकडा पूर्वेत. मधे भिंतीतली चौकी. जवळच्याच ब्रित्सच्या कालव्याकाठी फेब्रुवारी १९८९ मध्ये पलीकडे जाऊ पाहणाऱ्या २० वर्षांच्या क्रिस ग्वेफ्रॉयला पहारेकऱ्यांनी गोळी घातली. भिंतीपाशी गोळीने मारला गेलेला तो शेवटचा. नऊच महिन्यांनी भिंत उघडली.

बसमधून उतरून सरळ चालत राहिले. दोन्ही बाजूंना झाडं, तळाशी दुकानं असलेल्या चार-पाच मजली इमारती, पुढे रेल्वेचा पूल. पुलावर पाटी: बाउमशूलेनवेग. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "अगं, तिथूनच तर मी रोज जातो. ऑफिसपासून तिसरं स्टेशन." मंगळवारी गाडीतून न विचारता मागे टाकलेल्या स्टेशनांपैकी हे एक होतं.

शनिवार, ९ नोव्हेंबर

सकाळी शार्लोटेनबुर्ग. साविग्नीप्लात्सच्या आसपासच्या गल्ल्या देखण्या, कान्टश्ट्रासेवर निम्म्या आशियाची खाणावळ. एस ९ थेट आहे पण आडलर्सहोफला पाऊण तासाच्या घरात. आमच्या पैशांत इथे दोन खोल्यासुद्धा बसत नव्हत्या. तासाभरात परतलो.

दुपारी एक वेगळंच झालं. नवऱ्याला एका जाहिरातीवरून उत्तर आलं होतं: शहराच्या मध्यात, तीन खोल्या, भाडं निम्म्याने कमी. मालक परदेशात आहे, अनामत रक्कम आधी भरा, किल्ली टपालाने येईल. फोटो सुंदर होते. नवरा दोन महिने नकार ऐकून थकला होता. त्याचा हात पैसे पाठवण्यापर्यंत गेला होता. मी म्हटलं, घर आतून पाहिल्याशिवाय एक युरोही द्यायचा नाही. पत्ता होता, म्हणून प्रत्यक्ष गेलो. दाराशी घंटांची पाटी होती. इथे इमारतीतल्या एकेका घराला बहुधा क्रमांक नसतो, घंटेवर आणि टपालपेटीवर आडनाव असतं. त्या पाटीवर मालक म्हणवणाऱ्याचं आडनाव कुठेच नव्हतं. एका रहिवाशाने सांगितलं, या आठवड्यात असे विचारत येणारे तुम्ही तिसरे. नवऱ्याचा चेहरा उतरला. आम्ही जवळच्या बाकावर बसलो आणि त्याला म्हटलं, "तू एकट्याने तीन महिने हे सगळं ओढलंस."

भिंत पडल्याला आज ३५ वर्षं झाली. शहरभर गर्दी होती. भिंत जिथे होती तिथे रस्त्यात दगडांची दुहेरी ओळ बसवली आहे. ती ओलांडताना आम्ही दोघंही नकळत खाली बघत होतो.

रविवार, १० नोव्हेंबर

दुकानं बंद. रविवारी इथे भिंतीत खिळा ठोकायचा नाही, काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या पिंपात टाकायच्या नाहीत. भाग निवडताना रविवार आवर्जून पाहावा. आठवड्याची गजबज उतरली की वस्तीचं खरं रूप दिसतं.

टेम्पेलहोफचं मैदान पाहिलं. २००८ मध्ये बंद झालेला विमानतळ, २०१० पासून सगळ्यांसाठी खुला. धावपट्टीवर लोक सायकली चालवत होते, पतंग उडवत होते. कडेकडेने घरं बांधू द्यायची का, यावर २०१४ मध्ये मतदान झालं आणि लोकांनी नको म्हटलं. घर न मिळालेल्या माणसाने त्या मोकळ्या आभाळाखाली उभं राहून काय वाटून घ्यावं? मला दोन्ही वाटलं. इथे घरं हवी होती असंही, आणि लेकीला पतंग घेऊन इथे आणायचं असंही.

मग ऊ ७ ने ब्रित्सला. हूफआयझनझीडलुंग, म्हणजे घोड्याच्या नालेची वसाहत. ब्रुनो टाउट आणि मार्टिन वाग्नर यांनी १९२५ ते १९३३ या काळात बांधलेली, २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत. मधे तळं आणि भोवती नालेच्या आकारात वळत गेलेली तीन मजली इमारत. बाजूच्या गल्ल्यांत एकमेकांना लागून छोटी घरं, लाल, पिवळी, निळी. प्रत्येक दाराची रंगसंगती वेगळी. महागडं काही नाही, रंग आणि उजेड आणि पुढे-मागे बाग. मागच्या अंगणांत कोंडलेल्या माणसांसाठीच हे बांधलं होतं. गुरुवारची ती खिडकी डोळ्यांसमोर होती, म्हणून ते काम किती मोठं आहे हे मला आतून कळलं. जवळच ब्लाश्कोआलेवर तमिळ लोकांनी उभारलेलं मुरुगनाचं देऊळ आहे. परक्या आभाळाखाली गोपुर दिसलं आणि हात आपोआप जोडले गेले.

इथे रिकामं घर नव्हतंच, एकही नव्हतं. वहीत मी ब्रित्सपुढे एवढंच लिहिलं: लेकीला दाखवायचं.

सोमवार, ११ नोव्हेंबर

पहाटेच बाउमशूलेनवेगला गेलो. सव्वासातला उजाडत होतं. नवरा गाडीत बसून ऑफिसला गेला आणि दहा मिनिटांत त्याचा निरोप आला: पोचलो. या शहरात तो पहिल्यांदाच वेळेच्या आधी पोचला होता.

मी शाळेच्या फाटकासमोर उभी राहिले. वरच्या वर्गातली दोन मुलं पिवळी जाकिटं घालून धाकट्यांना रस्ता ओलांडून देत होती. एक मुलगा रडत आला. फाटकाशी उभ्या शिक्षिकेने त्याच्या उंचीला बसून त्याची टोपी सरळ केली, काहीतरी बोलली आणि हात धरून आत नेलं. शाळेचं नाव किती मोठं आहे, निकाल कसे लागतात, यांतलं काही मला माहीत नव्हतं. ती बसण्याची रीत मला पुरली.

एक शंका मात्र मनात होती, आणि ती मी लपवणार नाही. पूर्वेकडच्या बाहेरच्या भागांत आपल्यासारख्या दिसणाऱ्यांनी राहू नये, असं मला तिघांनी सांगितलं होतं. खेळायच्या मैदानाशी केरळची एक नर्स भेटली, इथे चार वर्षं राहते. मी तिला सरळच विचारलं. तीही सरळच बोलली. गाडीत दोनदा वाईट ऐकून घ्यावं लागलं, एकदा कुणीच मधे पडलं नाही, एकदा एक म्हातारी त्या माणसावर ओरडली. शाळेत कधी नाही. इमारतीतले लोक पहिलं वर्षभर फक्त नमस्कारापुरते, आता तिची पार्सलं घेऊन ठेवतात. "रात्री अकराला ड्युटीवरून एकटी येते," ती म्हणाली, "या रस्त्याने." तिने रस्ता दाखवला आणि मग आपला नंबर दिला. नऊ दिवसांत कुणी आपणहून दिलेला तो पहिला नंबर.

दुपारी रस्ता नदीपर्यंत चालत गेले. बाउमशूलेनश्ट्रासे श्प्रे नदीला जिथे मिळते तिथून तेव्हा छोटी होडी पलीकडे सोडायची, दोन मिनिटांत. बसचंच तिकीट चालायचं. माझ्याकडे ४९ युरोंचा देशभर चालणारा मासिक पास होता, तोही चालला. वस्तीचं नाव रोपवाटिकेवरून आलं आहे. बाउमशूले म्हणजे झाडांची शाळा. १७२० मध्ये सुरू झालेली श्पेटची रोपवाटिका अजून इथे आहे, आणि तिच्या शेजारचं झाडांचं उद्यान हुम्बोल्ट विद्यापीठाकडे आहे. हिवाळ्यात ते बंद असतं. कुंपणातून पिवळी पडलेली पानं पाहिली.

साडेचारला अंधारून आलं. मी स्टेशनजवळ उभी होते तेव्हा गाण्याचा आवाज आला. बालवाडीतली तीस-एक मुलं, हातात काठीला टांगलेले कागदी कंदील, मागेपुढे आई-बाप. संत मार्टिनचा दिवस होता. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा तलवारीने अर्धा कापून देणारा तो सैनिक. त्याच्या नावाने मुलं या दिवशी कंदील घेऊन फिरतात. एका मुलीच्या कंदिलाला साळिंदराचे काटे चिकटवले होते, त्यातले निम्मे वाटेत गळले होते. तिचा बाप मागून येत एकेक काटा उचलून खिशात ठेवत होता. मिरवणूक रेल्वेपुलाखालून गेली तेव्हा पूल आतून उजळला. सात दिवस ज्या अंधाराला मी घाबरत होते त्याच्यासाठी इथल्या लोकांनी काय करून ठेवलंय ते दिसलं, आणि मला रडू आलं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

बाउमशूलेनवेगमध्येच एक घर बघायला मिळालं. तीन खोल्या, ६६ चौरस मीटर, दुसरा मजला, लिफ्ट नाही. थंड भाडं ८९०, गरम १,१५०, अनामत २,६७०. बघणारे अकराच जण. न्हाणीघराला खिडकी नव्हती आणि स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात ओल होती. ओलीबद्दल मी विचारलं, त्या बाईंनी कागदावर लिहून घेतलं. नोंदणीचा कागद मिळेल ना, हेही विचारलं. त्या म्हणाल्या, अर्थात. लहान खोलीच्या खिडकीत मी उभी राहिले. समोर रस्ता, झाडं आणि मान वर न करता दिसणारं आभाळ. टेबल इथे.

जिन्यात एक आजोबा भेटले. नवऱ्याच्या मोडक्यातोडक्या जर्मनमधून कळलं की मूल आहे का, असं ते विचारत होते. आमच्या मनात धस्स झालं, आवाजाची तक्रार असणार. ते आम्हाला खाली तळघरात घेऊन गेले आणि मुलांच्या बर्फावरच्या घसरगाड्या ठेवायचा कोपरा दाखवला. एक गाडी धूळ खात पडली होती. त्यांच्या नातवाची, तो आता मोठा झालाय.

साडेचारपर्यंत मुद्दाम थांबलो आणि त्या दारापासून शाळेपर्यंत लेकीच्या पावलांनी चाललो. नऊ मिनिटं. एक सिग्नल. रेल्वेपुलाखाली ४२ पावलं. दिवे दोन्ही बाजूंना, एक बंद. पलीकडे बेकरी, तिच्या काचेचा उजेड पदपथभर पडलेला. परत त्याच वाटेने आलो, पुन्हा मोजलं.

रात्री अर्ज पाठवला. नवऱ्याच्या कोऱ्या शूफासोबत त्याच्या कंपनीचं पत्र जोडलं, आणि आपण कोण, इथे का राहायचंय, हे सांगणारं एक पान. त्यात शाळेची वाट चालून पाहिल्याचं लिहिलं. प्रेन्त्स्लाउअर बेर्गहून नकार संध्याकाळीच आला होता. वाचून दोघांनाही वाईट वाटलं नाही.

बुधवार, १३ नोव्हेंबर

उत्तर आठवड्याभरात कळवू असं त्यांनी सांगितलं आहे. हे घर गेलं तर याच शाळेच्या हद्दीत दुसरं शोधायचं, एवढं आमचं ठरलं. नवऱ्याने हद्दीतल्या रस्त्यांची यादी करून भिंतीवर चिकटवली आहे.

विमानतळाला जाताना पुन्हा एस ९. या वेळी मी दाराशी उभी राहिले. ट्रेप्टोवर पार्क, प्लेन्टरवाल्ड, मग ते स्टेशन. दारं उघडली, एक बाई बाबागाडी घेऊन उतरली, दारं मिटली. लेकीचा व्हिडिओ कॉल चालू होता. तिने विचारलं, "आई, आपण कुठे राहणार?" मी नाव सांगितलं. तिने तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्या वेळी बरोबर आलं.